तो स्वमग्न नाही, एसटीमग्न आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीचा निवृत्त वाहतूक नियंत्रक. आधी अकरा वर्षं कंडक्टर म्हणून घंटीची दोरी ओढली, मग तेवीस वर्षं स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून गाड्या सोडल्या. आयुष्यभरात लिहिलं काय, तर वे-बिल, रजिस्टर आणि तक्रारवहीतली उत्तरं. वर्तमानपत्राला हे पहिलंच पत्र. विषय चित्रकलेचा आहे आणि चित्रकलेतलं मला काही कळत नाही. पण ज्या चित्रांबद्दल लिहितोय ती सगळी एसटीची आहेत, तेव्हा थोडा अधिकार माझ्याकडेही येतो.

माझा नातू अकरा वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला, तुमची वर्तमानपत्रं ज्याला ‘स्वमग्नता’ म्हणतात तो. चार वर्षांचा झाल्यापासून तो एसटी काढतो. गाडी काढतो असं म्हणत नाही, एसटीच काढतो. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांकडे तो ढुंकूनही बघत नाही, वडापच्या जीपा तर त्याच्या जगातच नाहीत. घरी तीन पत्र्याच्या ट्रंका भरल्यात. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, कॅलेंडरची मागची पानं, माझ्या पेन्शनच्या कागदांचे मागचे भाग, सगळीकडे लाल गाडी.

गेल्या महिन्यात शाळेत चित्रकला स्पर्धा झाली. विषय होता ‘माझे कुटुंब’. नातवाचं चित्र परत आलं, त्यावर लाल पेनानं शेरा होता, ‘विषय सोडून. नेहमी तेच तेच.’ शिक्षिकांना मी दोष देत नाही. वर्गात साठ मुलं आहेत, आणि एकेका मुलाचा कागद घेऊन बसायला त्यांना वेळ कुठून मिळणार? पण शेरा चुकीचा होता.

चित्रात काय होतं ते सांगतो. गाडीचा टप काढून वरून बघितलं तर जशी दिसेल तशी ती गाडी. प्रत्येक बाकाला आसन क्रमांक, पुढे ड्रायव्हरची केबिन, कंडक्टरची जागा, मधली वाट. माणूस एकही नाही. फक्त पाच आसनं निळी रंगवलेली, बाकीची कोरी. मी आधी तो आसनांचा आराखडाच समजलो. संध्याकाळी चहा पिता पिता सहज विचारलं, ‘‘हे निळं कोण रे?’’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘एकवीस आई, बावीस बाबा, तेवीस मी, चोवीस आजोबा, आजी अकरा.’’ मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवाळीत माझ्या मुलीकडे चिपळूणला गेलो होतो. गाडीला गर्दी होती, हिला, म्हणजे त्याच्या आजीला, आमच्याजवळ जागा मिळाली नाही, ती पुढे अकरा नंबरवर एका बाईंच्या शेजारी बसली आणि कोयनानगरपर्यंत मान वळवून वळवून आमच्याकडे बघत होती. पोराला ते सगळं नंबरासकट ध्यानात होतं. ‘माझे कुटुंब’ या विषयावर त्या दिवशी शाळेत साठ चित्रं निघाली असतील. हात धरून उभे असलेले आईबाबा, मागे घर, वर सूर्य. आमचं कुटुंब खरोखर कधी, कुठं, कोणाच्या शेजारी बसलं होतं हे एवढं नेमकं त्यातल्या किती चित्रांत असेल?

आता लगेच कोणी असा अर्थ काढू नये की त्याच्या प्रत्येक एसटीत काहीतरी दडलंय. तो घोटाळाही आम्ही बघितला आहे. तो सहा वर्षांचा असताना एका मोठ्या शहरात एका मार्गदर्शकांकडे गेलो होतो. त्यांनी चित्रांची थप्पी चाळली, चष्मा काढला आणि माझ्या सुनेला म्हणाले, ‘‘बघा, एकाही गाडीला दरवाजा नाही. मूल आतून बंद आहे. त्याला बाहेर यायचंय, पण वाट सापडत नाही.’’ सून रडायला लागली. मी कागद माझ्याकडे ओढून घेतला. गाडीचं तोंड उजवीकडे होतं. उजवीकडे तोंड असलेल्या गाडीची आपल्याला उजवी बाजू दिसते, आणि आपल्या देशात प्रवाशांचा दरवाजा डाव्या अंगाला असतो. मी त्यांना म्हटलं, ‘‘साहेब, दरवाजा आहे. पलीकडून आहे.’’ ते हसले नाहीत. परत येताना नातवाला म्हटलं, आता गाडी उलट्या दिशेनं काढ बरं. त्यानं काढली, दरवाजा आला, दरवाजाची मूठ आली, आतल्या पायऱ्यासुद्धा आल्या. सहाशे रुपये फी भरून आलो होतो, ते वेगळं.

तेव्हापासून मी घरात एक नियम केलाय. चित्राचा अर्थ लावायच्या आधी ती गाडी म्हणून बरोबर आहे का ते बघायचं. आणि ती बहुतेक वेळा बरोबरच असते. बाकीची मुलं दोन्ही चाकं सारखी काढतात. हा पुढच्या चाकाची रिम बाहेर फुगलेली काढतो आणि मागच्याची आत गेलेली, कारण मागे जोडटायर असतं. नंबरप्लेट मनाची नसते. एमएच १४ असेल तर दापोडीच्या कार्यशाळेची, एमएच २० चिकलठाण्याची, एमएच ४० नागपूरच्या हिंगण्याची. नंबरप्रमाणे गाडीचा तोंडावळाही तो वेगळा काढतो. मी चौतीस वर्षं या गाड्यांत काढली, पण हे फरक मला त्याच्या कागदावर पहिल्यांदा दिसले.

‘तेच तेच’ म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. मी निवृत्त असलो तरी जीव तिकडेच होता, म्हणून रोज संध्याकाळी नातवाला घेऊन डेपोच्या भिंतीकडेनं एक चक्कर मारायचो. तो तेव्हा सात वर्षांचा होता. रोज घरी येऊन तीच गाडी काढायचा, भिंतीलगत उभी असलेली शेवटची. मला वाटलं, आता मात्र हे अति झालं. पाचसहा आठवड्यांनी सुनेनं ते सगळे कागद तारखेप्रमाणे लावले तेव्हा दिसलं की गाडीची मागची एक बाजू हळूहळू खाली बसत चालली होती. टायरमधली हवा उतरत होती. चाकाशेजारी आधी काही नव्हतं, मग गवताची एक रेघ आली, मग तीन. गाडीला पाटी नव्हती, कारण फेरी नसलेल्या गाडीला पाटी लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन मी मुद्दाम बघितलं. टायर खरंच बसला होता. रोज त्याच्याबरोबर मीही तिथं उभा राहत होतो, पण मी संपाच्या बातम्यांचा विचार करत उभा असायचो.

सूनबाई इंटरनेटवर बरंच वाचते आणि मला मराठीत समजावून सांगते. तिनंच सांगितलं की लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांबद्दल पहिल्यांदा लिहिलं, त्यातच ‘सगळं होतं तसंच राहायला हवं’ हा हट्ट नोंदवलेला आहे. म्हणजे ही आमच्या घरची किंवा मोबाइलनं बिघडवलेली गोष्ट नव्हे. माझ्या काही मित्रांची तशी ठाम समजूत आहे, म्हणून हे लिहिलं.

तिनं सांगितलेल्यांपैकी दोन माणसं माझ्या मनात घर करून आहेत. एक लंडनचा स्टीफन विल्टशर, जन्म १९७४चा. लहानपणी बोलत नव्हता, चित्रं काढायचा, त्यात लंडनच्या बस आणि इमारती. त्यानं बोलावं म्हणून शाळेतल्या शिक्षकांनी त्याचं चित्रांचं सामान काढून घेतलं. शेवटी तो बोलला. शब्द कुठला, तर ‘पेपर’. म्हणजे कागद! कागद द्या! पुढे २००५ साली त्यानं हेलिकॉप्टरमधून टोकियो शहर बघितलं आणि सुमारे १० मीटर लांबीच्या कागदावर आठवणीतून काढून दाखवलं. लोक ही गोष्ट सांगताना टोकियोवर थांबतात. मी ‘पेपर’वर थांबतो. ज्या वस्तूसाठी पोराचा जीव तुटतो ती काढून घेतली तर ते तोंड उघडेलही, पण ती पद्धत मला सावकारी वाटते. आमच्याकडेही एका ठिकाणी हेच सुचवलं होतं. ‘पाच वाक्यं बोलला तरच एसटी काढायला द्यायची.’ आम्ही दोन आठवडे करून पाहिलं. तो पाच वाक्यं पाठ करून आगगाडीसारखी सोडायचा आणि हात पुढे करायचा. बोलणं वाढलं नाही, आमच्यावरचा विश्वास तेवढा कमी झाला.

दुसरी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधली जेसिका पार्क, १९५८ची. तिला वेड इलेक्ट्रिक ब्लँकेटच्या बटणांचं, हीटरचं, रेडिओच्या तबकड्यांचं. ती तेच काढायची, तेच रंगवायची. घरच्यांनी बंद केलं नाही. पुढे तीच बारीक नजर घरांवर, पुलांवर, चर्चवर गेली. झगझगीत रंगांतल्या तिच्या चित्रांना गिऱ्हाईक मिळालं, आणि नोकरी तिनं एका कॉलेजच्या टपालखोलीत केली. हे मला फार आवडलं. मोठी चित्रकार झाली म्हणून नव्हे. टपालखोलीत नोकरी करता करता ती हे करत राहिली म्हणून.

आमचा नातू विल्टशर नाही. त्याला आठवणीतून शहर काढता येत नाही, माणसाचे पाय अजून जमत नाहीत, आणि रेघ चुकली तर कागद टराटरा फाडून अर्धा तास ओरडतो. खोडरबरानं कागदाला भोकं पडतात. एकदा चपातीचा घास तोंडात तसाच ठेवून चाळीस मिनिटं गाडीचा आरसा काढत बसला होता. हे दिवस सोपे नाहीत, आणि ‘देवानं वेगळी देणगी दिलीय’ म्हणत पाठीवर थाप मारून जाणाऱ्यांचा मला राग येतो. देणगी म्हणणाऱ्यांनी एक दुपार येऊन बसावं.

पण त्या लाल गाडीत बसूनच तो कुठं कुठं गेला ते मी हिशेबनीसासारखं सांगू शकतो. अक्षरओळख आधी घ्या. शाळेतल्या ‘अ अननसाचा’ला त्यानं कधी भीक घातली नाही. गाडीच्या पाटीवर मात्र अक्षरं लागतात. पहिला शब्द लिहिला ‘पाटण’. मग ‘ढेबेवाडी’, त्यात ढ आला. ‘उंब्रज’मधून जोडाक्षर आलं. ‘कोळे’तून ळ, ‘औंध’मधून औ, ‘फलटण’मधून फ. क्ष अडला होता, तो ‘क्षेत्र माहुली’नं सोडवला. रफार शिकवायला बाई महिनाभर झगडत होत्या, तो ‘मार्गे’ या एका शब्दात आला. ङ आणि ञ कुठल्याच पाटीवर नसल्यामुळे ती अक्षरं त्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. खरं सांगायचं तर माझ्या लेखीही नाहीत.

मग मी विचारायला लागलो. ‘‘ही गाडी कुठली?’’ चिपळूणची. ‘‘मध्ये काय लागतं?’’ त्यानं दुसऱ्या कागदावर पाटणचा स्टँड काढला. तिसऱ्यावर कोयनानगर, चौथ्यावर कुंभार्ली घाटाची वळणं. कागद एकमेकांना डिंकानं चिकटवत गेलो आणि कराड ते चिपळूण हा सगळा रस्ता आमच्या सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत पोचला. घाटाच्या कागदावर त्यानं आयुष्यातला पहिला सजीव प्राणी काढला. माकड. का, तर ते गाडीच्या टपावर बसलं होतं. पहिला माणूस म्हणजे कंडक्टर, पण तोही पूर्ण नाही, घंटीच्या दोरीवर नुसता हात. दीड वर्ष तो हात तसाच लटकत होता. नंतर खांदा आला, टोपी आली आणि एके दिवशी चेहरा आला. चेहऱ्याला मिशी होती. मला मिशी आहे. यापुढे मी काही विचारलं नाही.

स्टँडचं चित्र काढायला सांगितलं होतं तेव्हाची गंमत. एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो, त्याच्या सरावासाठी शेजारच्या मुलाच्या क्लासमध्ये यालाही बसवलं होतं. विषय ‘बसस्थानकावरील दृश्य’. मला वाटलं, चला, लॉटरी लागली. यानं फलाट काढले, गाडी काढली, वेळापत्रकाचा फळा काढला, पण माणूस नाही. सर म्हणाले, ‘‘अरे, दृश्यात माणसं पाहिजेत. माणसं कुठंयत?’’ हा शांतपणे म्हणाला, ‘‘माणसं आत बसली.’’ सरांनी गुण कापले ते नियमाला धरून असतील, पण मी कंट्रोलर म्हणून सांगतो, गाडी सुटायच्या क्षणी फलाट तसाच दिसतो.

थेरपीच्या बाकड्यावर सात वर्षं बसतोय, त्यामुळे इतरांची चित्रंही बघतो. एक मुलगा फक्त छताचे पंखे काढतो. रेग्युलेटर एकवर असताना पाती वेगळी, तीनवर वेगळी, पाचवर नुसता धुरकट गोल. एक जण गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या काढतो, कुठला पाइप कुठल्या घरात उतरतो त्यासकट. एक मुलगी मांजरं काढते. तिच्याबद्दल मात्र बरीच वर्षं कुणाला काही वाटलं नव्हतं, कारण मुलगी मांजर काढते यात कोणाला काय वेगळं दिसणार? तिच्या आईनं वही दाखवली. शेकडो मांजरं, सगळी डावीकडे तोंड केलेली, प्रत्येकीच्या मिशा मोजून तेवढ्याच. तिला ऑटिझम असल्याचं नववीत असताना कळलं. तीन वर्षांच्या पोरानं चाकं काढली की घरात धावपळ सुरू होते. मांजरं काढणाऱ्या पोरीला शाबासकी मिळते आणि वही बंद होते.

एक शब्दाबद्दलची तक्रारही याच पत्रात उरकून घेतो. मराठी वर्तमानपत्रं या मुलांना ‘स्वमग्न’ म्हणतात. शब्द कानाला गोड आहे, पण आमच्या घरात तो लागू पडत नाही. स्वतःत मग्न असतो तो मी, दुपारी झोपून पेन्शनवाढीचा विचार करत. नातू स्वतःत नसतोच. तो टायरात असतो, पाटीत असतो, टपावरच्या माकडात असतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये ऑटिझमचं नाव आहे, कार्ड मिळतं, सवलतीचे कागद होतात, त्याबद्दल आभारच. फक्त तो आत्ममग्न आहे, आपल्या जगात हरवलाय, असं लिहू नका. तो आपल्याच जगात आहे, आपल्यापेक्षा जास्त बारकाईनं बघत. अर्थात त्याला हाक मारली तर तो तीनदा तरी ओ देत नाही, हेही खरं आहे. चौथ्यांदा मी ‘‘चिपळूणकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे’’ म्हणतो, तेव्हा येतो.

२ एप्रिलला ऑटिझमचा दिवस असतो. तुमच्याकडे दरवर्षी निळी रोषणाई, निळे फुगे, फेऱ्या यांचे फोटो येतात. आमच्या नातवालाही गेल्या वर्षी एका कार्यक्रमात छापील फुलपाखरू रंगवायला दिलं होतं. त्यानं फुलपाखराच्या पंखावर लहान अक्षरांत ‘विना थांबा’ लिहिलं. संयोजकांनी तो कागद भिंतीवर लावला नाही. पुढच्या वर्षी कोणी असा कार्यक्रम करणार असेल तर एवढंच मागणं आहे की छापील कागद आणू नका, कोरे आणा. मुलांनी जे काढलं ते लावा, पंखे तर पंखे, टाक्या तर टाक्या. आणि प्रत्येक चित्राशेजारी मुलालाही उभं करा, बघणाऱ्यांना प्रश्न विचारू द्या. ‘छान काढलंयस हं’ हा प्रश्न नव्हे. ‘हा पाइप कुठं जातो?’ हा प्रश्न आहे.

शाळेतल्या बाईंकडे मी परवा गेलो होतो, निळ्या आसनांचं चित्र घेऊन. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, एकवीस-बावीसचा हिशेब ऐकला, आणि शेरा खोडला नाही, पण खाली पेन्सिलीनं ‘आजी ११’ असं लिहून सही केली. मला पुरे झालं.

अजून एकदोन मुद्दे होते, पण आज वेळ नाही. जुन्या गाडीच्या मागच्या शिडीला पायऱ्या सहा की सात यावरून आमचं सकाळपासून भांडण सुरू आहे. त्यानं सात काढल्यात, मी सहा म्हणतोय. डेपोत तशी एक गाडी अजून उभी आहे, आणि ती मोजून आल्याशिवाय तो जेवणार नाही.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. मुलाची ओळख नको म्हणून छापू नये.)